भाडं भरता भरता घर : १५ महिने राहून झाल्यावर

जून २०२४ मध्ये आम्ही पुण्यातल्या धायरीत एक रीसेल टू-बीएचके 'घेतला'. रजिस्ट्री झालेली नव्हती, तरी आल्यागेल्याला आम्ही घेतला असंच सांगत होतो. पुढचा निम्मा घोळ या एका शब्दाने केला.

बोली अशी ठरली : आधी भाड्याने राहायचं आणि दोन वर्षांत तेच घर विकत घ्यायचं. किंमत ५८ लाख, त्यात दोन वर्षं बदल नाही. सुरुवातीला ३ लाख रोख नव्हे, चेकने. महिना २६ हजार, त्यातले १८ हजार भाडं (सोसायटीत तेव्हा तोच भाव होता) आणि ८ हजार किमतीत वळते. २४ महिन्यांत घेतलं नाही तर ३ लाखही गेले आणि वळते झालेलेही गेले. मालक काका निवृत्त होऊन मुलाकडे बंगळुरूला गेलेले. माणूस सज्जन, म्हणूनच दोघांनीही कागद ढिला ठेवला.

आधी चांगलं सांगतो. विकत घेणारा माणूस घर अर्धा तास बघतो. आम्ही दोन पावसाळे आणि एक उन्हाळा बघितला. पहिल्या जुलैत बाथरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल आली, पोपडे सुटले, आणि त्या भिंतीला टेकवलेल्या लेकीच्या दप्तराला बुरशी धरली. एप्रिलमध्ये टँकरच्या रांगा कळल्या. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रोड पट्ट्यात जीबीएसची (मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली तेव्हा महिनाभर पाणी उकळून प्यायलो. एवढं सगळं बघूनही घर हवंसं वाटतंय, ही खात्री ब्रोकरने दाखवलेल्या सॅम्पल फ्लॅटमधून येत नाही. या व्यवहाराला पाचपैकी तीन तारे देतो, ते तीनही याचेच.

आता कागद. ताबा देऊन विक्रीचा करार केला की महाराष्ट्रात त्यावर खरेदीखताइतकं पूर्ण मुद्रांक शुल्क तेव्हाच भरावं लागतं. ते टाळायला बहुतेक जण करतात तेच आम्ही केलं : लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरार) रीतसर नोंदवलं, आणि किंमत, मुदत, वळती रक्कम हे सगळं ५०० रुपयांच्या स्टँपवर एमओयू (आपसातला समजुतीचा करार) करून नोटरी. नोटरीचा तो लाल शिक्का बघून मी निर्धास्त झालो होतो. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, आणि नोंदणी नसलेल्या कागदावर घराचा हक्क उभा राहत नाही, हे वकिलांनी सांगितलं तेव्हा दहावा महिना चालू होता. बिल्डरच्या नव्या प्रकल्पात निदान रेरा (ग्राहकाला संरक्षण देणारा कायदा) आहे. नोंदणीकृत कराराशिवाय त्याला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. रीसेलवाल्याला ते कवच नाही.

त्याहून मोठा झटका बँकेत बसला. लायसन्समध्ये आम्ही सरळ २६ हजार लिहिले होते आणि दर महिन्याला एकाच व्यवहारात पाठवत होतो, नोंदीत 'रेंट'. कर्ज बघणाऱ्या बाईंनी पासबुक चाळलं आणि म्हणाल्या, "सर, हे तर भाडं आहे. मार्जिन कुठाय?" आमच्या रकमेच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांवर जात नाही, म्हणजे ११ लाख ६० हजार आपले, तेच मार्जिन. आमच्या हिशोबात ३ लाख अधिक २४ महिन्यांचे १ लाख ९२ हजार धरलेले. त्यातले १ लाख ९२ हजार बँकेच्या लेखी नव्हतेच. वर मुद्रांक शुल्क ७ टक्के, बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर ६, आणि ते कर्जात बसत नाही. तिकडे काकांनाही पूर्ण २६ हजार भाड्याचं उत्पन्न म्हणून दाखवावं लागलं, त्यामुळे तेही वैतागलेले. अकराव्या महिन्यापासून ८ हजार वेगळे पाठवतो, नोंदीत 'फ्लॅट किंमत हप्ता', आणि काका पावती पाठवतात. हे पहिल्या महिन्यात करायचं होतं.

दुरुस्तीचं तर विचारूच नका. ओलीचा खर्च काढला की काका म्हणणार, "अरे, घर आता तुमचंच आहे ना!" सोसायटीच्या सभेला गेलो की सेक्रेटरी म्हणणार, "तुम्ही भाडेकरू, तुम्हाला मत नाही." मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मात्र आमच्याच खिशातून. एमओयूत त्याबद्दल एक ओळ नाही.

काकांचं स्वतःचं गृहकर्ज अजून चालू आहे, हेही आम्ही नीट विचारलं नव्हतं. त्यांनी हप्ते थकवले तर बँक आमचा एमओयू बघत बसणार नाही, घर ताब्यात घेईल. आता दर तीन महिन्यांनी कर्जाचं स्टेटमेंट मागतो. मागताना संकोच होतो, तरी मागतो.

किंमत बांधून घेतल्याचा फायदा मात्र खरा निघाला. यंदा खालच्या मजल्यावरचा तसाच फ्लॅट ६५ लाखांना गेला. त्यानंतर काकांचे फोन वाढलेत. विषय काढत नाहीत, पण "भाव काय चाललेत रे तिकडे?" एवढं विचारतातच.

म्हणून २४ महिन्यांची वाट न बघता अठराव्या महिन्यातच विक्रीकरार नोंदवायचं ठरवलंय. मुद्रांक शुल्कासाठी बायकोची एफडी मोडतोय. काका दिवाळीनंतर सहीला येतायत. त्यांची झोपायची सोय त्याच ओलीच्या भिंतीमागच्या खोलीत करणार आहे.