यूएसबी-आरएस ४८५ कन्व्हर्टर आणि वायरशार्क: बीएमएसच्या कामात काही महिने वापरल्यावर

बीएमएसमध्ये, म्हणजे इमारतीतलं एसी, पंप वगैरे सांभाळणाऱ्या यंत्रणेत, पूर्ण बंद पडलेला कंट्रोलर शोधणं सोपं. छळतो तो मधूनच ऑफलाइन जाणारा. शिडी लावून फॉल्स सीलिंग उघडेपर्यंत तो परत ऑनलाइन आलेला असतो. अशा तक्रारींसाठी मी कंट्रोलरची आरएस ४८५ लाइन लॅपटॉपच्या यूएसबीला जोडणारा कन्व्हर्टर घेतला, एफटीडीआय चिपचा आणि आयसोलेशन असलेला (म्हणजे लाइन आणि लॅपटॉप विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवणारा). त्याच्यासोबत एमएसटीपीकॅप हे मोफत टूल वापरतो. कंट्रोलर एकमेकांशी ज्या बॅकनेट एमएस/टीपी प्रोटोकॉलने बोलतात, त्या लाइनवरची प्रत्येक फ्रेम, म्हणजे प्रत्येक संदेश, ते टिपतं आणि ती फाइल वायरशार्क या नेटवर्कचे संदेश उलगडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. ते फक्त ऐकतं, लाइनवर काही पाठवत नाही, त्यामुळे चालू इमारतीतही बिनधास्त जोडता येतं.

याचे पैसे कुठे वसूल झाले ते सांगतो. एका ऑफिस इमारतीत एकाच मजल्यावरचे व्हीएव्ही (खोलीत किती एसीची हवा सोडायची ते ठरवणारे) कंट्रोलर आळीपाळीने गायब व्हायचे. पॉवर सप्लाय बदलून झाला, राउटर रीस्टार्ट करून झाला, फरक शून्य. कॅप्चरमध्ये दिसलं, की २२ नंबरचा कंट्रोलर २३ला टोकन, म्हणजे बोलायची पाळी, देतोय, २३ गप्प. पुन्हा दिलं, तरी गप्प. मग २२ पुढचे पत्ते एकेक विचारत, म्हणजे पोल फॉर मास्टर करत, नवा साथीदार शोधतोय. थोड्या वेळाने २३ परत हजर! सीआरसी (संदेश बिघडला का ते तपासणारा आकडा) चुकलेल्या फ्रेमही तिथेच दिसत होत्या. म्हणजे कंट्रोलर धडधाकट होता, त्याच्यापर्यंत सिग्नल नीट पोचत नव्हता. लाइनची पॉवर बंद करून दोन तारांमध्ये मीटर लावला, तर ४० ओहमच्या आसपास. दोन टोकांना १२० ओहमचे दोन टर्मिनेटर (लाइनच्या टोकाला लावायचे रेझिस्टर) असले तर साधारण ६० यायला हवेत, म्हणजे तिसरा कुठेतरी लागलेला होता. मागच्या सर्व्हिसमध्ये बदललेल्या, लाइनच्या मधोमध असलेल्या कंट्रोलरचा एंड-ऑफ-लाइन डिप स्विच, म्हणजे आतला टर्मिनेटर जोडणारा छोटा स्विच, ऑन निघाला. तो ऑफ केल्यावर टोकन सरळ फिरायला लागलं.

मॅक्स मास्टरचे, म्हणजे कुठल्या पत्त्यापर्यंत विचारत जायचं त्या सेटिंगचे, घोळही यातच सापडतात. शेवटचा पत्ता ४० आणि सेटिंग मात्र १२७ असेल, तर रिकाम्या पत्त्यांना विचारण्यात लाइनचा वेळ फुकट जातो.

आता कटकटी. विंडोज ड्रायव्हरचा लेटन्सी टायमर (आलेला डेटा पुढे देण्याआधी किती थांबायचं ते) मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो. तो १ वर आणल्याशिवाय दोन फ्रेममधल्या वेळांवर विश्वास ठेवू नका. लाइनच्या मध्ये जोडताना कन्व्हर्टरचं स्वतःचं टर्मिनेशन बंद असलंच पाहिजे, नाहीतर आपणच नवा बिघाड घालू. माझ्या कन्व्हर्टरचे स्क्रू टर्मिनल फार बारीक आहेत, जाड ट्रंक केबल त्यात बसतच नाही. वायरशार्कमध्ये टोकनच्या ढिगाऱ्यातून हवी ती फ्रेम काढायला फिल्टर शिकावे लागतात, त्यात सुरुवातीचे काही दिवस जातात.

बिघाड बॅकनेट/आयपीच्या, म्हणजे इथरनेट नेटवर्कच्या, बाजूला असेल तर हा कन्व्हर्टर कामाचा नाही. तिथे नेटवर्क स्विचवर पोर्ट मिररिंग (एका पोर्टवरच्या ट्रॅफिकची प्रत दुसऱ्यावर) लावून नुसता वायरशार्क चालवा आणि बॅकनेटचा यूडीपी पोर्ट ४७८०८ बघा. दोन वेगळ्या आयपींवरून एकाच डिव्हाइस इन्स्टन्सचा (डिव्हाइसच्या ओळख क्रमांकाचा) आय-ॲम, म्हणजे 'मी अमुक' असा संदेश, आला, की चोर सापडला.

एमएस/टीपीवर रोज काम असेल तर जरूर घ्या, पण आयसोलेशन असलेलाच. सोसायटीच्या एखाद्या पंप पॅनेलपुरतं काम असेल तर मीटर पुरतो.