शिक्का ७१०चा, प्लाय भलताच

घरी होडी बांधायला घेणाऱ्यांनी प्लाय उचलण्याआधी हे वाचा. इपॉक्सीत, म्हणजे होडीला लावायच्या राळेत, हार्डनर किती घालायचा, तांब्याच्या तारेनं फळ्या कशा शिवायच्या, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. प्लायचं विचारलं की सगळे 'मरीन घ्या' म्हणून मोकळे.

मी मरीनच, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय, मागितला होता. ६ एमएम, आठ बाय चारच्या शीट. त्यांवर ठळक 'आयएस ७१०, बीडब्ल्यूपी' (मरीन प्लायचं भारतीय मानक, आणि उकळत्या पाण्यातही न सुटणारा हा दर्जा), शेजारी आयएसआयचा शिक्का, भावही मरीनचाच. बिल पक्कं मिळालं, पण त्यावर नुसतं 'प्लाय ६ एमएम'.

तळाची फळी जिगसॉनं कापली आणि कडेला मधल्या पदरात पोकळी दिसली, करंगळीचं नख सहज आत जाईल एवढी. वरचं व्हिनियर इतकं पातळ की पॉलिश पेपर जरा दाबून फिरवला तर खालचा पदर डोकावायचा. मग कापलेले तुकडे पातेल्यात उकळायला टाकले. खऱ्या ७१०चा गोंद ७२ तास उकळूनही धरून राहावा लागतो. इथं दुपारच्या जेवणाआधीच पदर हातानं सोलून निघाले.

दुकानदार म्हणतो कसा, "अहो, वरून इपॉक्सी लावणार ना? मग पाणी जातंय कुठून?" होडीशी कधी संबंध न आलेल्या माणसाला हे पटेलही. पण वाळूवर दोन-चार वेळा ओढली की तळ घासतो, वल्ह्याच्या कडीला स्क्रू मारावे लागतात. पाण्याला तेवढी वाट पुरते. आणि एकदा आत गेलेलं पाणी तीच इपॉक्सी बाहेर पडू देत नाही, लाकूड आतल्या आत कुजतं.

बिल पुढे केलं, तर "यात मरीन कुठं लिहिलंय?"

तेव्हा बिलावर ब्रँड आणि 'आयएस ७१०' लिहून घ्याच. दुकानदार का-कू करायला लागला तर तिथून उठा. शिक्क्याजवळ सीएम/एल नंबर, म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक, असतो, तो शिक्का देणाऱ्या बीआयएस या संस्थेच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून दुकानातच तपासा. माझ्या शीटवरचा नंबर दुसऱ्याच मालाचा निघाला. गोंदाची रेघ तपकिरी आहे म्हणून तो फिनॉलिक, म्हणजे पाण्याला दाद न देणारा गोंद, समजू नका, गोंदात रंग मिसळता येतो. आधी एकच शीट आणा, तुकडा उकळा, मग बाकीच्या.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. न कापलेल्या शीट शिक्क्यासकट तशाच ठेवल्यात, पुराव्याला.