आयर्लंडच्या संसदेची वेबसाइट: पाचपैकी चार तारे

नातवामुळे ही वेबसाइट माझ्या हाती लागली. लेक-जावई डब्लिनला. नातू पाचाचा झाला, पण दोन शब्दांपुढे तिसरा जोडत नाही. तिथल्या कायद्याप्रमाणे त्याच्या गरजांची तपासणी व्हायची आहे, त्यासाठी अर्ज केलाय आणि दोन्ही घरं वाट बघताहेत. एका रात्री लेक फोनवर म्हणाली, “आई, इथे एक सिनेटर याच विषयावर सारखा बोलतो. तू जन्मभर आमदारांची भाषणं उतरवलीस ना? मग वाच आणि सांग, ह्यातून काही होतं, की नुसतीच भाषणं?”

मी विधिमंडळात मराठी प्रतिवेदक होते, ३१ वर्षं. ठाण्याहून सकाळची फास्ट, पुढे बस, आणि डिसेंबर आला की बॅगा भरून नागपूर. सभागृहात बसायचं, आपली पाळी संपली की बाहेर येऊन वहीतल्या रेघोट्यांची वाक्यं करायची. त्यामुळे भाषण ऐकून मी भारावत नाही. कागदावर काय उरलं, ते बघते.

तर वेबसाइट. पैसे नाहीत, लॉगिन नाही, ओटीपी नाही. सदस्याच्या नावावर टिचकी मारली की त्याची सगळी भाषणं आणि मतदान समोर. एकेका भाषणाला स्वतंत्र लिंक, शिवाय दिवसाच्या कामकाजाची पीडीएफ. डॉल, म्हणजे त्यांची लोकसभा. तिची भाषणं पार १९१९ पासूनची आहेत. वरच्या सभागृहाचं नाव लिहितात एक आणि म्हणतात ‘शॅनड’; तिथला सदस्य म्हणजे सिनेटर. अध्यक्षांच्या पदाचा उच्चार लेकीने तीनदा करून दाखवला, मला मराठीत ‘काहीरलाख’च्या जवळपास ऐकू आला. ह्यांना मी तेच सांगितलं तर म्हणाले, “काही लाख? कोणाचे?”

मजकुराबद्दल मात्र माझ्या व्यवसायातली म्हणून बोलते. काम नेटकं आहे. बोलणाऱ्याचं अडखळणं गाळलंय, पण त्याची बोलण्याची ढब ठेवलीय. हे वाटतं तितकं सोपं नाही. आरडाओरड झाली की ‘इंटरप्शन्स’ एवढा एकच शब्द कंसात, जसं आम्ही ‘अडथळा’ लिहायचो. तो कंस बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. दिवसाची सुरुवात ‘चिंतन आणि प्रार्थना’ या मथळ्याने होते, आणि मथळे आधी आयरिशमध्ये, मग इंग्रजीत.

आता तो सिनेटर. टॉम क्लोनन. लष्करातून कॅप्टन म्हणून निवृत्त, सैन्यातल्या स्त्रियांच्या स्थानावर पीएच.डी. करताना त्यांचा छळ उजेडात आणलेला, आणि घरात अपंग मुलगा असलेला बाप. २०२२ च्या पोटनिवडणुकीत निवडून आला आणि २०२५ मध्ये पुन्हा. कोणत्याच पक्षात नाही. त्याचा मतदारसंघ म्हणजे ट्रिनिटी कॉलेजचे पदवीधर. हे वाचलं आणि मी हसलेच, कारण आपलाही कोकण पदवीधर आहेच की! दर निवडणुकीला यादी नव्याने बनते आणि अर्ज क्रमांक १८ पुन्हा भरावा लागतो. मी नेमाने भरते, आमच्या मजल्यावर दुसरं कोणी भरत नाही. तिकडे पदवीधरांच्या घरी टपालाने मतपत्रिका येते. त्यांच्या सभागृहात ६० सदस्य, त्यांपैकी सहाच पदवीधरांचे, ११ पंतप्रधानांनी नेमलेले, उरलेले ४३ मुख्यतः नगरसेवक आणि खासदारांच्या मतांवर. आपल्या विधान परिषदेत ७८ पैकी सात पदवीधरांचे आणि १२ राज्यपाल नियुक्त. राज्यसभेतल्या १२ नियुक्त सदस्यांची कल्पना आपल्या घटनाकारांनी आयर्लंडवरूनच घेतलेली, तेव्हा हे साम्य काही आभाळातून पडलेलं नाही.

क्लोनन बोलतो तेव्हा मुद्दा एकच असतो, आणि तो समजायला मला चार भाषणं लागली. त्यांचा २००५ चा अपंगत्वविषयक कायदा सांगतो, की अर्ज पूर्ण आला की तीन महिन्यांत तपासणी सुरू करा आणि पुढच्या तीन महिन्यांत संपवा. ठीक. म्हणजे तपासणी हा हक्क झाला. पण तपासणीत जे निघेल, वाचा-उपचार म्हणा, व्यवसायोपचार म्हणा, तो मिळणं हा हक्क नाही. ते सरकारकडे असलेल्या साधनांवर अवलंबून. डॉक्टरने चिठ्ठी दिलीच पाहिजे, औषध मात्र दुकानात असलं तर. क्लोननचं म्हणणं आहे की औषधाचाही हक्क द्या, आणि त्यासाठी त्याने स्वतःचं विधेयकही मांडलं. अपंगांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर आयर्लंडने पक्कं शिक्कामोर्तब केलं ते २०१८ मध्ये. आपण २००७ मध्येच करून मोकळे! आणि पुढे? आमच्या ठाण्यातल्या राम मारुती रोडच्या फुटपाथवरून एकदा व्हीलचेअर ढकलून बघा.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं ते लांबलचक भाषणांत नाही. तिथे सिनेटरला खासदारासारखे लेखी प्रश्न विचारता येत नाहीत. त्याच्या हातात बैठकीच्या सुरुवातीचा छोटा वेळ: विषय द्यायचा, मंत्री येतात, तयार उत्तर वाचतात, मग सिनेटरला शेवटचं थोडंसं बोलता येतं. कधी कधी त्या खात्याचे मंत्री येतच नाहीत, दुसऱ्याच खात्याचे राज्यमंत्री येऊन हातातला कागद वाचतात. इथे माझी पेन्सिल बाहेर येते. मी ही पानं नौपाड्यातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणते (त्याने विचारलं, “आजी, हे कुठल्या कोर्टातलं?”) आणि समासात दोनच खुणा करते. उत्तरात तारीख आहे? आकडा आहे? ‘सरकार कटिबद्ध आहे’, ‘काम प्रगतिपथावर आहे’, ‘वाढीव निधी देण्यात आला आहे’ ह्या वाक्यांसाठी माझ्याकडे लघुलेखनातली एकेक रेघ तयार असायची, इतकी ती येत. इंग्रजीत वाचतानाही हात आपोआप त्याच रेघा मारतो.

चांगला विरोधी सदस्य त्या शेवटच्या थोड्या वेळात ओळखू येतो. कच्चा असला तर मूळ भाषणच पुन्हा वाचतो. पक्का असला तर नुकत्याच वाचलेल्या उत्तरातलं एक वाक्य उचलतो आणि विचारतो: हे कधीपर्यंत? किती मुलांसाठी? मंत्र्यांच्या कागदावर ते नसतं. मग जे तोंडातून निघतं ते बिनतयारीचं असतं, आणि ते छापलं जातं. सहा महिन्यांनी तोच विषय पुन्हा येतो तेव्हा ते छापील वाक्य समोर धरता येतं. विरोधी सिनेटरकडे दुसरं हत्यार नाहीच. ते सभागृह विधेयक फार तर ९० दिवस लांबवू शकतं, पैशाच्या विधेयकावर २१ दिवसांत नुसत्या शिफारशी. २०१३ मध्ये तर हे सभागृहच बंद करायचं का यावर सार्वमत घेतलं होतं, ५१.७ टक्के मतं बंद करण्याच्या विरोधात पडली म्हणून वाचलं.

मला हे जास्त पटतं याला कारण आहे. मागे एका कार्यालयात मी ऑनलाइन तक्रार केली होती. नवव्या दिवशी संदेश आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ काय निकाल, कोणी काढला, काही नाही. परत उघडून बघावं तर मूळ तक्रारच दिसेना. तिथे एखादं चिडकं का होईना, नावानिशी उत्तर छापलेलं असतं तर ते घेऊन मी पुन्हा दारात उभी राहिले असते.

एक तारा का कापला? आयरिशमध्ये केलेलं भाषण आयरिशमध्येच छापतात, शेजारी इंग्रजी भाषांतर नाही. तत्त्व म्हणून मला ते आवडतं, मराठीची नोकरी केली आहे मी. पण नेमकी रंगात आलेली चर्चा मधेच हातची जाते. दुसरं म्हणजे पसारा फार. नुसता ‘अपंगत्व’ असा शब्द टाकून शोधलंत तर संध्याकाळ गेली. आधी सदस्य, मग तारखा, मग शब्द, या क्रमाने शोधा. आणि चर्चा शेवटाकडून वर वाचा: आधी मंत्र्यांचं अखेरचं उत्तर, मग वर.

लेकीला मी तारीख-आकडे असलेल्या तीन उत्तरांच्या लिंक पाठवल्या. तिने त्यातली एक छापून अर्जाच्या स्मरणपत्राला जोडली. पत्राला अजून उत्तर नाही. काल व्हिडिओवर नातवाला माझी जुनी लघुलेखनाची वही दाखवली, तर एका रेघेवर बोट ठेवून म्हणाला, “मासा.” ती ‘अध्यक्ष महोदय’ची खूण होती.