अंबडची कंपनी की पाड्यावरची संस्था? एचआरच्या खुर्चीवरून

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सात वर्षं एचआर (मनुष्यबळाचं काम) केलं, मग आदिवासी तालुक्यांत काम करणाऱ्या संस्थेत आले. त्यामुळे एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झालेली पोरं विचारतात, "ताई, कुठे जाऊ?" 'पगार कमी, समाधान जास्त' एवढंच उत्तर त्यांना हवं असतं. पगार कमी आहे, हे खरं. समाधानाची हमी मी देत नाही.

कंपनीत दिवस गेटवर सुरू होतो. फर्स्ट शिफ्टला किती आले, कॉन्ट्रॅक्टरने किती माणसं कमी पाठवली, डबल ड्यूटीला कोण थांबेल. युनियनचं मागणीपत्र आलं की करारावर सह्या होईपर्यंत दुसरं काही सुचत नाही. पण चौकट तयार असते. पंचिंग मशीन आहे, स्टँडिंग ऑर्डर्स (कामगारांसाठीचे लेखी नियम) आहेत, अडलं तर कन्सल्टंट आहे.

इथे माझी माणसं पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर. हजेरी येते व्हॉट्सअ‍ॅपवर, तीही रेंज मिळाली तर. पावसाळ्यात सावळघाटातून दुचाकीवर जाणाऱ्या पोरीचा अपघात विमा आहे का, हे इथे आल्यावर मी पहिलं तपासलं. (नव्हता.) आवणीच्या (भात लावणीच्या) दिवसांत गाव शेतात असतं, द्राक्षाच्या हंगामात निम्मा पाडा गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात. म्हणून बैठका रात्री आठला होतात. मी मात्र पहिल्याच महिन्यात तिघांना लेट मार्क लावला. ते भांडले नाहीत, मला एका रात्रीच्या बैठकीला घेऊन गेले. परत यायला साडेअकरा वाजले. दुसऱ्या दिवशी दहाला मीही पोचले नाही.

खरा फरक मात्र पगारपत्रकात आहे. कंपनीत पगार एका खात्यातून निघतो. इथे एकाच अकाउंटंटचा पगार तीन प्रकल्पांत वाटलेला: थोडा सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक निधीचा), थोडा एका ट्रस्टचा, थोडा परदेशी निधीचा. दरमहा त्याची टाइमशीट त्या हिश्श्यांशी जुळवायची, नाहीतर ऑडिटर लाल पेन घेऊन बसतो. त्यात परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020च्या दुरुस्तीने परदेशी निधीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. एचआरचा स्वतःचा पगार त्या 20 टक्क्यांत मोडतो. सगळ्यांची पत्रं तुम्ही काढता आणि तुमची जागा कुठल्याच देणगीदाराला आवडत नाही.

मग मार्च येतो. कंपनीतला माणूस जातो, कारण सिन्नरला दोन हजार जास्त मिळतात. त्याला थांबवायला निदान काही बोलता तरी येतं. इथला माणूस राहायला तयार असतो आणि प्रकल्पाच्या निधीबरोबर जागाच 31 तारखेला संपते. ज्याने सहा वर्षं पाणलोटाचं काम उभं केलं, त्याला हे सांगायला तुम्हालाच बसावं लागतं. या एका कामासाठी मला कुठल्याही कोर्सने तयार केलं नव्हतं.

कायद्यात सूट मिळेल, या भ्रमात राहू नका. वीस कर्मचारी झाले की पीएफ, दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत चलन. दहा झाले की लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखालची अंतर्गत समिती. सामाजिक सुरक्षा संहितेमुळे मुदतीच्या करारावरच्यांना पाच वर्षांऐवजी वर्षभरातच ग्रॅच्युइटी लागू होते, आणि जुन्या प्रकल्प बजेटांत तो आकडा कुठेच नसतो. काही ठिकाणी यातून सुटायला पगाराला 'मानधन' म्हणतात. एका मुलाखतीत मला प्रेमाने सांगितलं गेलं, "आपल्याकडे पीएफ नाही, मानधन आहे." मी चहा संपवून निघाले.

माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं सातपूर-अंबडला काढा. समोरच्याशी ठामपणे बोलणं आणि कायद्याची कागदपत्रं तिथे अंगवळणी पडतात. संस्थेत तुम्ही एकटेच एचआर, शिकवायला कुणी नसतं. घराचा हप्ता चालू असेल तर आणखी थांबा. पण एखाद्या कार्यकर्तीला सुपरवायझर, मग समन्वयक होताना बघायचं असेल, तर ते इथे जवळून दिसतं. कंपनीत माझ्याकडे तिचा फक्त टोकन नंबर असायचा.

मुलाखतीत संकोच न करता विचारा: माझा पगार कोणत्या बजेट हेडखाली आहे आणि तो निधी कुठल्या महिन्यापर्यंत आहे? "बघू, काहीतरी होईलच" असं उत्तर आलं, तर अंबडला दिलेला बायोडाटा मागे घेऊ नका.