गाडीच्या एसीचा गॅस: नुसता टॉपअप की मशीनवर?

घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये एसी गरम हवा फेकायला लागला की पहिला विचार टॉपअपचाच येतो, दहा मिनिटात काम, पैसे पण कमी. मी पण केलंय, कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये, पोराने चप्पल घालून उघड्या हाताने पाईप लावला आणि काटा बघून "झालं साहेब". अहो पण काटा प्रेशर दाखवतो, आत किती ग्रॅम गॅस आहे ते नाही कळत, आणि गॅस कमी झालाय म्हणजे कुठेतरी लीक आहेच ना, मग महिन्याभरात परत तेच.

मशीनवाल्याकडे तासभर जातो, पैसेही जास्त, पण ते मशीन जुना गॅस हवेत न सोडता ओढून घेतं, व्हॅक्यूम करून आतली ओल काढतं, मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढाच गॅस वजनाने भरतं. एसीतला हा गॅस, आर-१३४ए, उणे २६ डिग्रीला उकळतो, डोळ्यात उडाला तर विषय गंभीर, म्हणून तिथला माणूस गॉगल ग्लोव्हज घालूनच हात लावतो. शिवाय हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटीहून जास्त उष्णता अडकवतो, तो असाच फुस्स करून सोडायचा म्हणजे... मी तरी आता मशीनच, आधी लीक शोधायला सांगून.