घरातल्या पुस्तकबांधणीची परवानगी: सल्लागारांना साडेतीन तारे

साडेतीन तारे देतेय. गेलेल्या दीड ताऱ्यातला एक तर एकट्या 'ब्युटी पार्लर' या दोन शब्दांनी खाल्ला. त्याबद्दल पुढे.

मी घरी पुस्तकबांधणी करते. प्रबंध, जुन्या शब्दकोशांची दुरुस्ती, कधी कुणाच्या आजोबांची हस्तलिखित वही. मागच्या खोलीत अकरा वर्षं हे चाललंय आणि अकरा वर्षांत कुणी चकार शब्द काढला नाही, कारण सुई, दोरा आणि खळ यांचा आवाज होत नाही. मग मी हाताने ओढायचा मोठा पेपर कटर घेतला. तीन आठवड्यांत परवानगी देणाऱ्या कार्यालयाची नोटीस दारात: निवासी विभागात विनापरवाना व्यवसाय, खुलासा करावा.

अर्ज, नकाशा, पाहणी, सुनावणी हे सगळं करून देणारे सल्लागार असतात. मी त्यातल्या एकांकडे गेले. नाव मुद्दाम लिहीत नाही. हे काम कुणाकडूनही करून घेताना काय बघायचं, एवढं कळलं तरी पुरे.

आधी चांगलं सांगते. पाहणीला त्यांनी एक तरुण इंजिनिअर मुलगी पाठवली. मला वाटलं, आल्या आल्या टेप काढून खोली मोजेल. ती आतच येईना. दहा मिनिटं दाराबाहेर जिन्यात उभी. मी म्हटलं, "अगं, आत ये ना." तर म्हणाली, "ताई, तुम्ही काम सुरू करा. मला बाहेरून काय कळतं ते बघायचंय."

घरगुती व्यवसायाच्या परवानगीचं अर्धं शास्त्र या एका वाक्यात आहे. तुम्ही आत काय करता याच्याशी कार्यालयाला फारसं देणंघेणं नसतं. त्याची खूण दाराबाहेर किती उमटते, हे ते बघतात. इंग्लंडमध्ये तर यासाठी ठरलेले प्रश्नच आहेत, तिनेच ते सांगितले. घर मुख्यतः राहण्याचं उरलंय का? येणारी माणसं आणि वाहनं ठळक वाढलीत का? वस्तीत सहसा न दिसणारं काही चालतं का? शेजाऱ्यांना अवेळी त्रास, आवाज, वास होतो का? उत्तरं घराच्या बाजूने असली तर तिथे बहुतेक वेळा वेगळी परवानगी लागतच नाही. मी स्वतःला हे चार प्रश्न विचारले आणि चौथ्यावर अडकले.

मग तिने मला गृहपाठ दिला. दाराशी वही ठेवायची आणि तीस दिवस येणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद करायची. तारीख, वेळ, काम. मी कुरकुरत ठेवली. महिनाअखेर बेरीज केली तर एकूण ४१ खेपा. त्यातल्या २९ म्हणजे आमच्याच घरची ऑनलाइन पार्सलं, आणि त्यातही निम्मी मुलाच्या बुटांची: मागव, घाल, परत पाठव. तिघं नुसते गप्पा मारायला आलेले. बांधणीसाठी आलेली माणसं फक्त ९. माझ्या धंद्यापेक्षा मुलाचे पाय जास्त रहदारी करतात, हे मला त्या वहीने शिकवलं.

आवाजाचं काम तर तिने फारच नीट केलं. खालच्या मजल्यावरच्या काकांची (तक्रार त्यांचीच होती) परवानगी काढून त्यांच्या बैठकीत मीटर लावला आणि मला फोन केला, "ताई, ओढा." मी कटर ओढला. धप्प. पुन्हा. पुन्हा धप्प. शांत असताना तिथे ३४ डेसिबल, पातं बसलं की ५२. मी आजवर खिडकी लावून घेऊन समजत होते की आता ऐकू जात नसेल. तिने समजावलं की हा आवाज हवेतून कमी आणि टेबलाच्या पायांतून सरळ स्लॅबमध्ये जास्त जातो. खिडकी लावा नाहीतर उघडी टाका, काकांना काही फरक नाही. पायांखाली जाड रबर, त्यावर फळी, आणि टेबल भिंतीपासून चार बोटं दूर. पुन्हा मोजलं तर ४३. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो म्हणतात. काकांचा चेहरा बघून ते पटलं. अकरा वर्षांत ते आमच्याकडे कधी आले नव्हते, त्या दिवशी वर येऊन टेबलाखाली वाकून बघून गेले.

इथवर पाचपैकी पाच.

मग आला अहवाल. बावीस पानं. पहिली तीन इतिहासाची! १९१६ साली न्यूयॉर्कने शहरभर लागू होणारे झोनिंगचे, म्हणजे कुठल्या भागात काय चालेल याचे, नियम केले, उंच इमारतींनी रस्त्यांवर सावली धरली होती वगैरे. मग १९२६चा खटला: अमेरिकेत ओहायोतलं युक्लिड नावाचं गाव विरुद्ध अँब्लर रिअल्टी. गावाने वस्तीचे विभाग पाडून कुठे काय चालेल ते ठरवलं, कंपनीने आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती सदरलंड यांनी निकालात म्हटलं होतं की उपद्रव म्हणजे कधी कधी नुसती चुकीच्या जागी आलेली बरोबर गोष्ट असते, जसं गोठ्याऐवजी दिवाणखान्यात आलेलं डुक्कर. हे वाचून मी मोठ्याने हसले आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कटरचं नाव 'डुक्कर' पडलंय. पण फी मी डुकरासाठी दिली नव्हती.

त्या पानांमधली कामाची ओळ एकच, जपानची. तिथल्या सगळ्यात कडक, कमी उंचीच्या घरांच्या निवासी विभागातही घराला जोडून छोटं दुकान किंवा कार्यालय चालतं, मात्र व्यवसायाची जागा ५० चौरस मीटरच्या आत आणि एकूण चटईक्षेत्राच्या निम्म्याहून कमी हवी. माझं घर ८४ चौरस मीटर, खोली १३. आपण कुठे उभ्या आहोत ते मला पहिल्यांदा आकड्यात कळलं. फ्लोरिडाच्या २०२१च्या कायद्याचाही उल्लेख होता. घरगुती व्यवसायाला स्थानिक संस्थांनी सरसकट मनाई करू नये, बाहेरचे दोन कामगारही चालतील, असा तो कायदा. सुनावणीत सल्लागार साहेबांनी तो वाचायला घेतला तेव्हा अध्यक्षांनी हात वर करून थांबवलं, "तो तिथला. इथलं बोला."

आणि मग सातवं पान. तक्रारदार काकांनीच ते उघडलं, चष्मा लावला आणि भर सभेत वाचलं: "सदर ब्युटी पार्लरमुळे परिसरातील शांततेस बाधा येणार नाही." क्षणभर शांतता. मग हशा. दुसऱ्या कुणाच्या तरी अहवालावरून उतरवलेलं होतं, एवढाच शब्द बदलायचा राहिला होता. मी खुर्चीत आक्रसून बसले. साहेब "टंकलेखनाची चूक" म्हणाले. काका मला हळूच म्हणाले, "बाई, माझी हरकत डुकराला आहे, पार्लरला नाही." (नाव त्यांच्यापर्यंत पोचलं होतं तर!)

मला वाचवलं ते दाराशी ठेवलेल्या वहीने आणि डेसिबलच्या आकड्यांनी. सभासद वही हातोहात फिरवत होते, बुटांच्या नोंदींवर थांबून हसत होते. "आज बांधणी, उद्या कारखाना" या हरकतीवर एकीने मला विचारलं, हे काम बंद केलंत तर त्या खोलीचं काय कराल? मी म्हटलं, पलंग टाकेन. त्यांनी ते उत्तर लिहून घेताना मी बघितलं: म्हणजे खोली घराचीच राहणार होती.

परवानगी मिळाली, अटींसह. बाहेर पाटी नाही. बाहेरचा मदतनीस एकच. कटर दहा ते पाच. परवानगी माझ्या नावाची, घराची नाही, म्हणजे घर विकलं तर ती नव्या मालकाकडे जाणार नाही. दोन वर्षांनी फेरतपासणी.

उरलेला अर्धा तारा कापला तो न सांगितलेल्या गोष्टीसाठी. कार्यालयाची परवानगी म्हणजे सगळ्यांची परवानगी नव्हे. इमारतीचे स्वतःचे नियम, कर्जाच्या करारातली 'फक्त निवासासाठी' ही अट, घराचा विमा, या सगळ्यांची दारं वेगळी वाजवावी लागतात. घरात चिकटद्रव्यं आणि कागदाचे गठ्ठे ठेवता हे विमावाल्यांना आधीच कळवलेलं बरं, नाहीतर आग लागल्यावर ते कळेल आणि तेव्हा दावा अडेल. हे मला सल्लागारांनी नव्हे, विम्याची पॉलिसी रात्री दोन वाजता वाचताना समजलं. विचारल्यावर साहेब म्हणाले, "ते आमच्या कामात येत नाही." नसेल येत, पण एक ओळ लिहायला काय हरकत होती? त्या तीन पानांच्या इतिहासात मावली असती.

दोन वर्षांनी फेरतपासणीचा अर्ज मी स्वतःच भरणार आहे. मीटरवाल्या मुलीला मात्र बोलावणार, आणि मोजणी करायला काका स्वतःच दार उघडून देतील असं दिसतंय. त्यांचा जुना शब्दकोश सध्या माझ्या टेबलावर, पुस्तक दाबून धरायच्या शिकंज्यात आहे.