परफॉर्मन्स डेटा किती साठवायचा: व्हीसेंटरची पातळी वाढवावी की नोंदी दाट कराव्यात?

"गेल्या मंगळवारी दुपारी सर्व्हर अडखळत होता" अशी तक्रार आज आली, तर तुमच्याकडे दाखवायला काय असेल? किती डेटा गोळा करायचा हे ठरवताना मी या प्रश्नापासून सुरुवात करतो. व्हीएमवेअर व्हीस्फिअर (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) चालवणारे बरेच जण मात्र थेट व्हीसेंटरच्या, म्हणजे ती सगळी सांभाळणाऱ्या मध्यवर्ती सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये जाऊन आकडेवारीची पातळी १ ची ३ किंवा ४ करतात आणि निश्चिंत होतात. इथेच गफलत होते.

ईएसएक्सआय होस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन ज्यावर चालतात तो प्रत्यक्ष सर्व्हर, दर २० सेकंदांनी मोजमाप घेतो, पण ते स्वतःजवळ साधारण तासभरच ठेवतो. पुढे व्हीसेंटर त्याचा गोषवारा करत जातो. मूळ सेटिंगनुसार ५ मिनिटांच्या नोंदी १ दिवस राहतात, ३० मिनिटांच्या १ आठवडा, २ तासांच्या १ महिना आणि दिवसाला एक अशा नोंदी १ वर्ष. समजा एका व्हर्च्युअल मशीनचा सीपीयू एरवी १० टक्क्यांवर असतो आणि एक मिनिट तो १०० टक्क्यांना भिडला. ५ मिनिटांच्या सरासरीत तो झटका २८ टक्के दिसेल, ३० मिनिटांच्या सरासरीत १३ आणि २ तासांच्या सरासरीत पावणेअकरा. म्हणजे आठवड्याभराने आलेख काढला तर काहीच घडलं नव्हतं असं वाटेल.

पातळी वाढवल्याने हे बदलत नाही. पातळीमुळे काउंटरची, म्हणजे मोजल्या जाणाऱ्या बाबींची, संख्या वाढते, नोंदींमधलं अंतर तेवढंच राहतं. पातळी १ मध्ये सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क यांचा मूलभूत वापर मिळतो. पातळी २ मध्ये मेमरी आणि डिस्कचे बहुतेक काउंटर येतात. दीर्घकाळ ठेवायला ही झेपते. पातळी ३ मध्ये प्रत्येक उपकरणाचा, म्हणजे एकेका व्हीसीपीयूचा (मशीनला दिलेल्या व्हर्च्युअल सीपीयूचा), डिस्कचा, नेटवर्क कार्डाचा वेगळा हिशोब सुरू होतो आणि डेटाबेस फुगतो तो इथे. पातळी ४ मध्ये किमान-कमाल आकडेही जपले जातात, त्यामुळे झटक्याची खूण उरते. पण त्यासाठी बाकी सगळ्याचा भार उचलावा लागतो. ३ आणि ४ या पातळ्या अडचण शोधण्यापुरत्या, थोड्या काळासाठीच आहेत. शिवाय लांब अंतराच्या नोंदींची पातळी छोट्या अंतराच्या पातळीपेक्षा वर ठेवता येत नाही, त्यामुळे "वर्षभराचंच तपशीलवार ठेवू" हा बेत जमत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे मोजकेच काउंटर, पण दाट, आणि व्हीसेंटरच्या बाहेर. हिशोब मांडून पाहा. २०० मशीन, प्रत्येकी ५० काउंटर, दर ५ मिनिटांनी: दिवसाला २८ लाख ८० हजार नोंदी. तेच दर २० सेकंदांनी: ४ कोटी ३२ लाख. आता काउंटर फक्त ८ ठेवा: सीपीयू वापर, रेडी (मशीन तयार असूनही सीपीयूची वाट पाहण्यात गेलेला वेळ), को-स्टॉप (व्हीसीपीयूंना एकमेकांसाठी थांबावं लागलेला वेळ), बलून (होस्टने मशीनकडून परत घेतलेली मेमरी), स्वॅप-इन (डिस्कवरून मेमरीत परत आणलेला डेटा), वाचन आणि लेखनाची लेटन्सी (लागणारा विलंब), गळालेले पॅकेट. २० सेकंदांनी घेऊनही ६९ लाखांच्या आसपास. प्रोमिथियस हे मोजमापं साठवणारं साधन एका नोंदीला सरासरी १ ते २ बाइट घेतं, म्हणजे दिवसाला जेमतेम १४ एमबी. जागेची चिंता नाहीच. चिंता व्हीसेंटरला सतत विचारत राहण्याच्या भाराची, आणि तो काउंटर कमी ठेवले तरच आटोक्यात राहतो.

साठवणीचं साधन निवडताना मुदत तपासा. प्रोमिथियसची मूळ मुदत १५ दिवसांची आहे, ती मुद्दाम वाढवावी लागते. झॅबिक्स हे देखरेखीचं दुसरं साधन जुन्या नोंदींचे ताशी ट्रेंड (गोषवारे) ठेवतं आणि त्यात सरासरीबरोबर किमान-कमालही असतं. जुनी तक्रार तपासायला तो कमाल आकडा सोन्यासारखा आहे, म्हणून छोट्या संघाला मी झॅबिक्सच सुचवेन.

रेडीबद्दल एक सावधगिरी. व्हीसेंटर तो मिलिसेकंदांत देतं. २० सेकंदांच्या नोंदीत १००० म्हणजे ५ टक्के. ५ मिनिटांच्या नोंदीत तेच १००० म्हणजे अवघे ०.३३ टक्के. मशीनला चार व्हीसीपीयू असतील आणि आकडा एकत्रित असेल, तर वर चाराने भागायचं. हे न करता दोन आलेख शेजारी ठेवून चुकीचे निष्कर्ष काढलेले मी पुष्कळ पाहिले आहेत.

मेमरी कमी-जास्त करायची असेल तर होस्टवरच्या "अ‍ॅक्टिव्ह" आकड्यावर (मशीन नुकतीच किती मेमरी वापरत होती) विसंबू नका. तो नमुने घेऊन बांधलेला अंदाज असतो. त्या एका निर्णयासाठी मशीनच्या आतून, म्हणजे तिच्या ऑपरेटिंग सिस्टीममधूनच आकडे घ्या.

मग पातळी ३ कधी? एखादी विशिष्ट डिस्क किंवा एखादा व्हीसीपीयू संशयित असेल, आणि त्रास कधी होईल हे सांगता येत नसेल तेव्हा. दोन-तीन दिवसांसाठी लावा, परत खाली आणायची तारीख त्याच वेळी टीमच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि तोवर व्हीसेंटरच्या डेटाबेसच्या विभाजनात किती जागा उरली आहे ते रोज बघा. त्रास ठरावीक वेळी, एकाच होस्टवर होत असेल तर पातळीला हातही लावू नका. त्या होस्टवर ईएसएक्सटॉप हे होस्टचंच मोजमापाचं साधन बॅच मोडमध्ये (नोंदी थेट फाइलमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) चालवा: ५ सेकंदांनी एक, अशा तासाभराच्या ७२० नोंदी एका फाइलमध्ये मिळतात आणि व्हीसेंटरच्या डेटाबेसवर त्याचा काडीचाही भार पडत नाही.